चार बोटं खाली

आमच्या जामला माणसं थांबायला येत नाहीत, पुढं जायला येतात. नागपूरहून निघालेली गाडी बुटीबोरी मागं टाकून तास-सव्वा तासात चौरस्त्यावर येते. सरळ गेलं की हिंगणघाट आणि त्याच रस्त्यानं थेट हैदराबाद. वळलं की वरोरा, चंद्रपूर. रात्री दोन वाजताही इथं कुणीतरी चहा पीत उभं असतं आणि त्या कुणालातरी उशीर झालेला असतो. अशा गावात, ऐन कापसाच्या हंगामात, आमच्या गल्लीचं सगळं लक्ष मात्र भलत्याच एका प्रवासाकडं लागलं होतं. अंतर चार बोटं. प्रवासी एक, तोही डोकं खाली, पाय वर. वेळापत्रक कुणापाशीच नाही, आणि चौकशी करणारे पन्नास.

माझी भाची, म्हणजे भावाची मुलगी, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. नववा लागला तसं तिला "कशी आहेस?" असं विचारणं लोकांनी सोडूनच दिलं. दारातून आत येणारी प्रत्येक बाई आधी तिच्या पोटाकडं समोरून बघायची, मग मान तिरकी करून बाजूनं बघायची, मग "जरा पाणी आण ना माय" म्हणून तिला स्वयंपाकघरात पाठवायची आणि ती जाताना पाठमोरी बघायची. तहान कुणालाच नसायची. पाण्याचा पेला तसाच राहायचा आणि निकाल लागायचा.

निकाल दोनच प्रकारचे: "उतरलं" किंवा "वरच हाय अजून". एकाच दिवशी, एकाच पोटाबद्दल, दोन्ही निकाल लागलेले मी ऐकलेत. सकाळी भाजीवाली सांगून गेली, "काई नाई बाप्पा, छातीलेच लागून हाय अजून. संक्रांत करूनच येते हे लेकरू." दुपारी शेजारच्या काकू आल्या, त्यांनी चाल पाहिली आणि म्हणाल्या, "उतरलं. पाह्य ना, पाय फाकवून चालून राह्यली. बॅग भरून ठेवा." भाचीनं लगेच बॅग भरली आणि लगेच रिकामीही केली, कारण रात्री घालायचा एकुलता एक सैल गाऊन त्याच बॅगेत गेला होता.

आमच्या आईची पद्धत वेगळी. ती ऐंशीच्या पुढची, एका डोळ्यात मोतीबिंदू. ती बघत नाही, हात लावते. नातीला खाटेवर ताठ बसवायची, आपला तळवा आडवा करून छाती आणि पोट यांच्या मधोमध ठेवायची आणि किती बोटं बसतात ते मोजायची. सुरुवातीला तिथं एक बोटही धड शिरत नव्हतं. पोट थेट छातीला येऊन भिडलेलं. रोज सकाळी आंघोळीनंतर हा कार्यक्रम व्हायचा. मग एके दिवशी करंगळीसकट चारही बोटं बसली. "आलं," आई म्हणाली, आणि नातीच्या पदराआड हात तसाच ठेवून वहिनीला चहा टाकायला सांगितलं.

आईचा तळवा आणि डॉक्टरांची टेप, दोन्ही एकच गोष्ट मोजतात. छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाशयाचा माथा छातीच्या मधल्या हाडाच्या टोकापर्यंत पोचलेला असतो. त्याच्या वर जायला जागाच नसते. मग बाळाचं डोकं कटीराच्या, म्हणजे कंबरेखालच्या हाडांच्या कड्यात शिरायला लागलं की वरचा सगळा भार खाली सरकतो, आणि दिवस भरत आलेलं पोट उंचीनं जवळजवळ बत्तिसाव्या आठवड्याइतकं दिसू लागतं. बाळ वाढतच असतं. पोट मात्र उतरलेलं असतं. हे समोर बसलेल्या माणसाला पटतं, व्हिडिओ कॉलवर पटत नाही. पुण्याच्या विहीणबाईंनी फोनमधून पोट पाहिलं आणि काळजीनं विचारलं, "अहो, लहान झाल्यासारखं वाटतंय. खायला प्यायला व्यवस्थित चाललंय ना तिचं?" वहिनीच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे आलं, ते विहीणबाईंना दिसू नये म्हणून मी फोन पंख्याकडं वळवला.

जावई ॲपवरून बोलायचे. त्या ॲपनं बाळाला दर आठवड्याला एकेका फळाचा दर्जा दिला होता. लिंबापासून चढत चढत ते आता टरबुजापर्यंत आलं होतं. जावयांनी मोठ्या कौतुकानं ही बढती सांगितली तेव्हा आई म्हणाली, "टरबूज उन्हाळ्यात येते. हे हिवाळ्याचं लेकरू हाय. संत्रं म्हणा."

आता पहिलटकरणीचं बाळ साधारणपणे कळा सुरू व्हायच्या दोन-चार आठवडे आधीच खाली येऊन बसतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेचं बरेचदा कळा लागेपर्यंत वरच हुंदडत राहतं, असं का, हे मला आमच्या एस.टी.नं समजावलं. हिंगणघाटला पहिल्यांदाच निघालेला प्रवासी जाम सुटलं की सीटवरून उठतो, पिशवी काखेत मारतो आणि दाराशी जाऊन उभा राहतो. अजून पंधराएक किलोमीटर जायचे असतात, कंडक्टर "बसा ना भाऊ" म्हणून ओरडत असतो, पण तो हलत नाही. रोजचा माणूस मात्र गाडी स्टँडात पूर्ण थांबेपर्यंत डोळे मिटून बसलेला असतो. उतरतात दोघंही एकाच वेळी. काकूंची सून अशी रोजची प्रवासी निघाली. तिचं दुसरं, तारीख जवळ आली तरी डोकं वरच, आणि काकूंचा जीव टांगणीला. संध्याकाळी ती भाकरी थापत होती, मध्यरात्री पोरगं तिच्या कुशीत होतं. मधल्या काही तासांत त्यानं सगळं अंतर एकदम कापलं. अर्थात दाराशी आधी येऊन उभं राहण्याची रीत पहिली खेपही नेहमी पाळतेच असं नाही. पुस्तकातलं वेळापत्रक आपल्याकडच्या कितीतरी पोरी मोडतात आणि कळा सुरू झाल्यावरच त्यांची बाळं खाली येतात, असं डॉक्टर मंडळी सांगतात.

तपासणीला आम्ही सेवाग्रामला जायचो, कस्तुरबा रुग्णालयात. गांधीजींच्या हयातीतच, १९४५ च्या सुमारास, डॉ. सुशीला नायर यांच्या लहानशा दवाखान्यातून हे रुग्णालय उभं राहिलं, आणि १९६९ साली त्याला जोडून वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथले विद्यार्थी खादी घालतात. त्या दिवशी आमच्या वाट्याला अशीच एक खादीच्या कुडत्यातली मुलगी आली. तिनं आधी दोन्ही तळहात एकमेकांवर खूप वेळ चोळले. थंडीचे दिवस, गार हात पोटाला लागला की पोट आखडतं आणि मग आतलं काहीच हाताला लागत नाही, हे तिला कुणीतरी नीट शिकवलेलं दिसलं. मग तिनं वरून सुरुवात केली. पोटाच्या माथ्याशी दोन्ही हात ठेवून चाचपलं: मऊ, पसरट, म्हणजे बूड वर आहे. मग दोन्ही बाजूंनी: एका बाजूला सलग, गुळगुळीत पाठ, दुसऱ्या बाजूला हातापायांचे बारके बारके उंचवटे, त्यातला एक तिच्या बोटाखालून निसटला आणि भाची हसली. मग खाली, अंगठा आणि बोटांच्या पकडीत डोकं. शेवटी पाठमोरी होऊन, भाचीच्या पायांकडं तोंड करून, दोन्ही हातांची बोटं ओटीपोटात खाली खाली सरकवली. ह्या चार पकडी एकोणिसाव्या शतकातल्या लिओपोल्ड नावाच्या जर्मन डॉक्टरच्या नावानं ओळखल्या जातात. यंत्र नाही, वीज नाही. दोन हात आणि थोडी सबुरी.

सगळ्यात शेवटी तिनं ओटीपोटाच्या हाडावर आडवी बोटं ठेवून डोक्याचा किती भाग अजून वर हाताला लागतो ते मोजलं. "मॅडम, चार."

मॅडम आल्या, त्यांनी हात ठेवला आणि आधी भाचीला विचारलं, "लघवीला कधी गेली होतीस?" सकाळपासून रांगेत नंबर जाईल म्हणून ती गेलीच नव्हती. "जाऊन ये आधी." ती जाऊन आली. पुन्हा बोटं ठेवली. तीन. मूत्राशय भरलेलं असलं तर ते डोक्याला खाली येऊ देत नाही, मॅडमनी त्या मुलीला सांगितलं. भाची कपडे सारखे करत पुटपुटली, "म्हणजे एक बोट माझं पाणीच होतं."

या बोटांच्या हिशोबाची रीत अशी: पूर्ण डोकं वर असेल तर पाच बोटं बसतात, जसजसं खाली जाईल तसतशी बोटं कमी होत जातात, दोन किंवा त्याहून कमी उरली की डोक्याचा सगळ्यात रुंद भाग कड्याच्या आत गेला असं धरतात. डोक्याची ही पाच हिश्शांची वाटणी १९७४ साली क्रायटन नावाच्या डॉक्टरांनी दक्षिण आफ्रिकेच्या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. मी हे घरी सांगितलं तर आईनं एवढंच विचारलं, "त्यानं खालून मोजलं का?" खालून. "मी वरून मोजते. त्याचे कमी होतात, माहे वाढतात." पुढच्या खेपेला सेवाग्रामला दोन बोटं निघाली आणि घरी चार. दोघांचाही हिशोब बरोबर होता.

वरून एवढं दिसतं. आत जे चालतं ते ऐकून मी थक्क झाले, कारण तो सगळा भूमितीचा तास आहे. हाडांच्या कड्याचं वरचं तोंड आडवं जास्त रुंद असतं, साधारण १३ सेंटिमीटर; पुढून मागं ते ११ भरतं. खालचं, बाहेर पडायचं तोंड नेमकं उलट: आडवं ११, पुढून मागं १३. म्हणजे ज्या बाजूनं शिरायचं त्या बाजूनं बाहेर पडता येत नाही. म्हणून बाळ आत शिरताना तोंड आईच्या कुशीकडं करून, आडवं शिरतं, आणि कळांच्या वेळी खाली येता येता वळून तोंड तिच्या पाठीकडं करतं. शिवाय मान कशी ठेवायची हेही त्याचं त्यानंच ठरवायचं असतं. हनुवटी छातीला टेकवली तर डोक्याचा साडेनऊ सेंटिमीटरचा भाग पुढं येतो आणि काम होतं. मान वर उचलून, कपाळ पुढं करून आलं तर साडेतेराच्या आसपास भाग आडवा होतो, आणि मग वाट अडते. मी हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "जलमाच्या आधीपासूनच मान खाली घालाले लावते पाह्य."

वाटही अगदीच अडेलतट्टू नसते. बाळाच्या कवटीची हाडं अजून जुळलेली नसतात, ती एकमेकांवर थोडी सरकतात. आईच्या सांध्यांचे बंध गरोदरपणातल्या संप्रेरकांनी सैल झालेले असतात. कंबर आणि माकडहाड दुखतं ते काही अंशी त्यामुळंच. कड्याच्या मध्यावर दोन्ही बाजूंनी हाडांची दोन टोकं आत आलेली असतात. कळांच्या वेळी आतून तपासताना डोकं त्या टोकांच्या रेषेवर आलं की डॉक्टर शून्य लिहितात. वर असेल तर उणे एक, उणे दोन, खाली गेलं तर अधिक. गणितात शून्याच्या आसपास मार्क पडले म्हणून ज्या पोरीनं शाळेत असताना माझ्या भावाची बोलणी खाल्ली होती, तिच्या कागदावर शून्य लिहिलं जावं म्हणून तोच भाऊ आता नारळ बोलून बसला होता. शून्याच्या पुढं अधिक असतं हे त्याला कळलं तेव्हा त्यानं नारळाचे दोन केले.

बाळ आपल्या चालीनं येणार, हे सगळ्यांना तोंडपाठ. तरी त्याला हात लावल्याशिवाय राहवेल तर ती गल्ली कसली. पहिला उपाय तूप. नववा लागला की रात्री दुधात चमचाभर तूप, म्हणजे बाळ घसरत येतं. हा उपाय पुण्याहूनही आला, भाजीवालीकडूनही आला, आणि एकदा तर गॅसची टाकी पोचवणाऱ्या माणसानंही जाता जाता सांगितला. आता तूप गिळलं की ते जठरात जातं, तिथून आतड्यात. बाळाची वाट वेगळी. ह्या दोन वाटांना जोडणारा चौरस्ता शरीरात कुठंही नाही, आणि चौरस्त्यांबद्दल जामच्या माणसानं सांगितलेलं तरी लोकांनी ऐकावं. पण तूप चालूच राहिलं. बाळ त्यानं घसरलं नाही, भाचीच्या बांगड्या मात्र हातात अडकल्या.

दुसरा उपाय खाली बसून फरशी पुसणं. हा उपाय वहिनीला नेहमी कामवाली सुटीवर गेली त्याच दिवशी आठवायचा. तिसरा चालणं, जो खरंच चांगला; अंग मोकळं राहतं, झोप लागते. चालल्यानं बाळ ठरलेल्या वेळेआधी खाली येतं याची हमी मात्र कुणी देत नाही. चौथा उपाय कुरिअरनं आला. जावयांनी व्यायामाचा रबरी चेंडू पाठवला, फुगवल्यावर बाजेच्या उंचीचा. आई त्याच्याकडं बराच वेळ बघत बसली. ह्याचं करायचं काय? त्यावर बसून कंबर गोल गोल हलवायची, आजी. "आमी जात्यावर बसून हलवत होतो," आई म्हणाली, "पीठ तरी निघे."

पूर्वी म्हणे नववा भरत आला की बाईला बंडीत घालून शेतापर्यंत एक चक्कर मारून आणायचे, खाचखळग्यांनी बाळ हलावं म्हणून. भावाच्या डोक्यात हेही येऊन गेलं होतं. पण बैल विकले त्याला जमाना झाला, आणि चौपदरी रस्त्यावर गाडीत बसल्या बसल्या भाचीला झोप लागते. तेव्हा तो बेत तिथंच राहिला, हे बरंच झालं.

ह्या सगळ्याला हसून झालं की मला एका गोष्टीचं नवल वाटत राहतं. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, प्रसूती जवळ आल्याच्या खुणा दिल्या आहेत. छातीचं बंधन सुटल्यागत वाटणं, कूस खाली उतरणं, खालच्या अंगाला जडपणा, जांघा-कंबर-पाठीत टोचणं. आज प्रसूतितज्ज्ञ त्या दिवसांचं जे वर्णन करतात त्यात आणि ह्यात फारसा फरक नाही. ही यादी लिहिणारे वैद्य पुरुष होते. छातीचं बंधन सुटल्यागत वाटतं हे त्यांना आतून कळायचं कारण नव्हतं. कुणीतरी बाई त्यांना हे सांगत बसली असणार, आणि तिच्याशेजारी तळवा आडवा धरून बसलेली एखादी म्हातारीही असणार, असा माझा पक्का समज आहे. ग्रंथात दोघींची नावं नाहीत.

नावं यायला फार उशीर लागला. आनंदीबाई जोशींचं पहिलं बाळ त्या चौदा वर्षांच्या असताना जन्मलं आणि दहा दिवसांत गेलं. १८८६ साली पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात पदवीसाठी त्यांनी प्रबंध लिहिला तो आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर. इकडं नागपुरात कमलाताई होस्पेट यांनी वेणूताई नेने यांच्या साथीनं १९२१ साली मातृसेवा संघ सुरू केला. कमलाताई बालविधवा. ज्या काळात विधवेचं दर्शन बाळंतिणीच्या खोलीला अशुभ मानलं जायचं, त्या काळात त्यांनी सुईणपणाचं रीतसर शिक्षण घेतलं आणि विदर्भातल्या हजारो बायकांची पोरं हातात झेलणारी संस्था उभी केली. आमच्या घरात मात्र १९६०च्या पुढंही बाळंतपणं मागच्या खोलीत, दाईच्या हातून झाली. आईची एक धाकटी जाऊ तशीच गेली. दोन दिवस कळा, डोकं वरच्या वर, आणि बंडी जुंपेपर्यंत अंगातलं बळ संपलेलं. आई हे कधी आपणहून सांगत नाही. नातीच्या छातीखाली बोटं मोजताना तिचे ओठ हलतात, त्यावरून मी ओळखते.

आता ती वेळ बहुधा येत नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी होते, २०१६ पासून. गाडीसाठी १०२ आणि १०८ हे आकडे आशाताईंनी आमच्या फ्रिजवर चिकटवून ठेवले आहेत. आणि डोकं वर आहे म्हणजे आता पोट फाडणारच, असंही नसतं, हे मॅडमनी भावाला दोन वेळा समजावलं, कारण पहिल्या वेळी तो खुर्चीत बसून नुसता मान हलवत होता. डोकं वर राहायची कारणं बरीच. वार खाली असेल, पाणी जास्त असेल, बाळानं हनुवटी टेकवली नसेल, कड्याची ठेवण निराळी असेल, किंवा नुसती तारीखच चुकलेली असेल आणि बाळाच्या मते अजून वेळ असेल. काही कारणं सोनोग्राफीत दिसतात. बाकीच्यांचा निकाल कळाच लावतात.

दोन गोष्टी मात्र मॅडमनी कागदावर लिहून दिल्या आणि खाली रेघ मारली. डोकं वर असताना पाणी गेलं तर उभं राहायचं नाही, चालायचं नाही. कुशीवर आडवं व्हायचं, गाडी बोलवायची आणि तसंच यायचं. मोकळ्या जागेतून नाळ आधी खाली घसरली तर ती दबते, आणि मग मिनिटं मोजावी लागतात. दुसरं, बाळ खाली उतरलं की त्याची हालचाल थांबते, हे खोटं. लाथा जातात, ढुशा आणि वळवळ येते, पण हालचाल कमी होत नाही. कमी वाटली तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता निघायचं. काकूंनी कागद वाचला आणि "आमच्या वक्ती तं म्हणत, आता झोपलं लेकरू" असं म्हणाल्या. मग तो कागद त्यांनी दोनदा वाचला, मोबाईलवर फोटो काढला आणि सुनेच्या बहिणीला पाठवला.

उतरल्यावर भाचीची गंमत सुरू झाली. श्वास मोकळा झाला. दोन उशा पाठीला लावून बसल्या बसल्या झोपणारी पोर आडवी झोपायला लागली. जळजळ गेली. जे वरून काढून घेतलं ते सगळं खाली दिलं होतं; दर तासाला न्हाणीघराकडं चक्कर. आमचं न्हाणीघर मागच्या अंगणात, डिसेंबरची थंडी, त्यामुळं रात्रीच्या प्रत्येक फेरीला दिवा लागायचा, कडी वाजायची, कुत्रं उठायचं आणि आई आतून विचारायची, "कळा का?" "नाही गं आजी, लघवी." "बरं." थोड्या वेळानं पुन्हा दिवा, पुन्हा कडी, पुन्हा कुत्रं. कधी कधी चालता चालता जांघेतून एकदम कळ मारायची आणि ती अंगणात दोरीवरच्या साडीला धरून उभी राहायची. तिचा बाप खिडकीतून बघायचा आणि गाडीची किल्ली शोधायला लागायचा. ती रोज खिळ्यालाच असायची.

आणि भूक. दोन महिने चार घास खाल्ले की "आत्या, जागाच नाही" म्हणणारी पोर एका संध्याकाळी म्हणाली, सांबारवडी खावीशी वाटते. वहिनी तळायला बसली. ही ओट्याला टेकून उभी, कढईतून निघालेली वडी झाऱ्यावरूनच उचलत होती, बोटं भाजली की फुंकत होती, परत उचलत होती. आईला ते बघवेना.

"वर जागा झाली ते लेकरानं केली. तिखटानं काहून भरून राह्यली?"

"आजी, रिकामी ठेवली तर ते परत वर येईल ना."

आईनं यावर बराच वेळ विचार केला. मग स्वतःच्या ताटातली एक वडी उचलून तिच्या ताटात टाकली.